शाळा सुटल्यानंतरचा चित्रकार

कोल्हापुरांत चित्रकला शिकणाऱ्या विद्यार्थ्याला एक प्रश्न कधीं ना कधीं पडतो, आणि तो बहुधा शेवटच्या परीक्षेच्या सुमारास पडतो. तोंपर्यंत काय करावयाचें हें दुसरा कोणी तरी ठरवीत असतो. एलिमेंटरी झाली कीं इंटरमिजिएट, इंटरमिजिएट झाली कीं वरचा वर्ग. आज स्थिरचित्र, उद्यां व्यक्तिचित्र, परवां निसर्गचित्र. रेघ चुकली तर मास्तर ती पुसून दाखवितात. रंग मळला तर शेजारचा विद्यार्थी सांगतो. मग एके दिवशीं फळीवर कोरा कागद ताणून बसल्यावर त्याच्या ध्यानांत येतें कीं, आतां विषय देणारें कोणी उरलें नाहीं. इतक्या वर्षांत आपण काय झालों आणि यापुढें आपल्याला काय व्हावयाचें आहे, हा हिशेब त्याला प्रथमच स्वतः मांडावा लागतो. घरचीं माणसेंही तोच प्रश्न विचारीत असतात, पण त्यांचे शब्द निराळे असतात: "पुढें काय करणार?"

या प्रश्नाचीं उत्तरें कोल्हापूर शहरानें पूर्वींच देऊन ठेवलीं आहेत. तीं पुस्तकांत नाहींत, माणसांच्या आयुष्यांत आहेत. त्यांतलें सर्वांत महाग पडलेलें उत्तर आबालाल रहिमान यांचें.

आबालाल हें लोकांच्या तोंडचें नांव. मूळ नांव अब्दुल अझीझ. घराणें कोल्हापूरचेंच. कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करणें आणि त्या नक्षीकामानें सजविणें ही त्या घरची विद्या. अशा घरांत मुलाला चित्रकला कोणी मुद्दाम शिकवीत नाहीं. परंतु बोरू किती तिरपा धरला म्हणजे अक्षर कोठें जाड आणि कोठें बारीक उमटतें, ओळींच्या भोवतीं मोकळी जागा किती सोडली म्हणजे पान डोळ्यांना निवांत वाटतें, हें त्याच्या अंगीं आपोआप भिनत जातें. कोल्हापुरांतील एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीला आबालाल भाषा शिकवीत असतां त्यांची चित्रें काढण्याची हातोटी तिच्या नजरेस आली, आणि त्यामुळें मुंबईची वाट मोकळी झाली, अशी हकीगत सांगितली जाते.

मुंबईचें सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालीं निघालें. सर जमशेटजी जीजीभाई यांनीं त्यासाठीं एक लाख रुपये दिले होते. आबालाल तेथें शिकले तें १८८० नंतरच्या दशकांत. जॉन ग्रिफिथ्स यांचा त्या वेळीं शाळेवर मोठा प्रभाव होता, आणि शिक्षणाची पद्धत विलायतेहून जशीच्या तशी आणलेली होती. आज ती पद्धत कठोर वाटेल. प्रथम भूमितीच्या आकृति, मग वेलबुट्टी, मग ग्रीक आणि रोमन पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृति. पुतळा एका जागीं ठेवलेला; उजेड एकाच बाजूचा आणि शक्य तितका स्थिर. विद्यार्थ्यानें आधीं बाह्यरेषा अचूक आणावयाची, मग कोळशानें किंवा काळ्या कांडीनें छाया भरावयाची, ती इतकी हलक्या हातानें कीं एक छटा संपून दुसरी कोठें लागली हें कळूं नये. एकेका चित्रावर आठवडेच्या आठवडे जात. प्लॅस्टरला घाई नसते. तो हलत नाहीं, थकत नाहीं, त्याचा रंग बदलत नाहीं. आज अर्धें राहिलेलें काम उद्यां त्याच जागीं, त्याच उजेडांत पुढें चालवितां येतें.

या शिक्षणाला नांवें ठेवण्याची पुढें फॅशनच पडली. ग्रीक देवतांचीं नाकें गिरवून हिंदुस्थानांतील विद्यार्थ्याला काय मिळालें, असें विचारणाऱ्यांचा मुद्दा अगदींच खोटा नाहीं. गंमत अशी कीं, १८७२ पासून १८८५ पर्यंत हेच ग्रिफिथ्स याच शाळेच्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करवून घेत होते. वर्गांत ग्रीक देवता आणि लेण्यांत बोधिसत्त्व, असा दुहेरी संसार त्या शाळेनें कांहीं वर्षें केला. दोहोंचा मेळ कसा घालावयाचा हें मात्र विद्यार्थ्यावरच सोपविलेलें होतें. परंतु प्लॅस्टरनें कांहींच दिलें नाहीं असें म्हणणाऱ्यानें आबालाल यांचीं विद्यार्थिदशेंतील चित्रें पाहावीं. त्या शाळेनें तीं जपून ठेवलीं. पांढऱ्या पुतळ्याचा गोलावा काळ्या कांडीनें इतका नेमका उतरविलेला आहे कीं, बोटानें चाचपून पाहावेंसें वाटतें. बोरू धरणाऱ्या घराण्याचा संयम आणि विलायती वर्गाची शिस्त यांचा तो संगम होता. १८८८ सालीं त्यांना व्हाइसरॉयचें पदक मिळालें. त्या काळच्या कलाविद्यार्थ्याला याहून मोठा मान ठाऊक नव्हता.

येथें शाळा संपली आणि तो प्रश्न उभा राहिला. मुंबईंत श्रीमंत पारशी गृहस्थ होते, इंग्रज अधिकारी होते, त्याच वर्षीं बाँबे आर्ट सोसायटीही स्थापन झाली होती. पदक मिळविलेल्या तरुणाला तेथें पोट भरणें कठीण गेलें नसतें. आबालाल कोल्हापुरास परतले.

परत आलेल्या विद्यार्थ्यापुढें जें होतें तें प्लॅस्टरच्या नेमकें उलट होतें. रंकाळ्यावरची संध्याकाळ कोल्हापूरकरांच्या रोजच्या पाहण्यांतली आहे, म्हणून तिच्यांत चित्रकाराची केवढी अडचण भरली आहे हें सहसा लक्षांत येत नाहीं. सूर्य पश्चिमेकडील डोंगरांमागें उतरूं लागला कीं पाण्याचा रंग मिनिटामिनिटाला पालटतो. आतां पिंवळा होता तो तांबूस झाला. तांबूस लावावा तों निळसर सावली पुढें सरकली. वारा सुटला कीं प्रतिबिंब फुटतें. पाण्याच्या कडेची संध्यामठाची दगडी इमारत उन्हाळ्यांत जशी दिसते तशी पावसाळ्यांत दिसत नाहीं. पाणी चढलें कीं तिचा खालचा भाग बुडतो आणि तीच इमारत ठेंगणी, जड दिसूं लागते. आठवडेच्या आठवडे छाया घोटण्यास शिकलेल्या हाताला येथें फार तर पाव तास मिळतो. जो हात मुंबईला पदक मिळवून आला तो येथें अपुरा पडतो, आणि सगळी शिस्त पुन्हां पहिल्यापासून निराळ्या कामाला जुंपावी लागते.

आबालाल यांनीं तें केलें. रंकाळा, पंचगंगेचा घाट, कोटितीर्थ, झाडांच्या राई हे त्यांचे विषय झाले. पुढच्या वयांतल्या त्यांच्या निसर्गचित्रांत शाळेंतला गुळगुळीतपणा उरलेला नाहीं. रंगाचे लहान लहान फटकारे शेजारीं शेजारीं टाकलेले दिसतात, आणि जरा दूर उभें राहिलें म्हणजे त्यांतून पाणी आणि उजेड तयार होतो. हें पाहून पुष्कळांना फ्रान्समधील चित्रकारांची आठवण होते. पॅरिसमध्यें १८७४ सालीं त्या मंडळींचें पहिलें प्रदर्शन भरलें, आणि घटकाभर टिकणारा प्रकाश पकडण्यासाठीं त्यांनींही असेच तुटक फटकारे वापरले होते. पण हें साम्य दाखवून आबालाल यांचा मोठेपणा सिद्ध करण्याची कांहीं आवश्यकता नाहीं. ज्याला हलणारें पाणी रंगवावयाचें आहे आणि ज्यापाशीं वेळ थोडा आहे, त्याला पॅरिसमध्यें काय आणि कोल्हापुरांत काय, घोटीव रंग सोडून द्यावाच लागतो. त्यांना हें रंकाळ्यानें शिकविलें असें म्हणणें अधिक खरें.

विद्यार्थी स्वतःच्या वाढीचा हिशेब मांडतो तेव्हां तो बहुधा मिळालेल्या गोष्टी मोजतो: आतां प्रमाण साधतें, आतां तैलरंग येतात, आतां चेहऱ्यांत साम्य उतरतें. आबालाल यांच्या चित्रांपुढें उभें राहिलें म्हणजे हिशेबाची दुसरी बाजू दिसते. जें उत्तम येत होतें आणि ज्याची वाहवा झाली होती, तेंच त्यांनीं बाजूला ठेवलें. न येणारी गोष्ट सोडून देणें सोपें असतें. येणारी गोष्ट सोडावयाची म्हणजे कांहीं काळ आपण नवशिके दिसणार, आणि ओळखीचे लोक म्हणणार कीं याचा हात बिघडला.

आतां पैशाकडे वळलें पाहिजे, कारण घरच्या माणसांचा प्रश्न तोच होता. निसर्गचित्र विकत घेऊन दिवाणखान्यांत लावण्याची चाल त्या काळच्या कोल्हापुरांत नव्हती. लोक व्यक्तिचित्र करवून घेत, देवादिकांचें चित्र घेत. रंकाळा तर रोज फुकट दिसत होता, त्यासाठीं पैसे कोण मोजणार? आधार मिळाला तो छत्रपति शाहू महाराजांचा. १८९४ सालीं राज्याचीं सूत्रें हातीं घेतल्यावर महाराजांनीं मल्ल, गवई, नट यांना जसा आश्रय दिला तसा या चित्रकारालाही दिला. आबालाल दरबारचे चित्रकार झाले. दरबारासाठीं त्यांनीं व्यक्तिचित्रें आणि शिकारीचे प्रसंग रंगविले; आणि त्या आधारावर रंकाळ्याच्या कांठीं बसून मनासारखें काम करण्यास त्यांना वर्षेंच्या वर्षें मिळालीं. राहणी फकिरासारखी होती. रंग विकत आणण्याची ऐपत नसे तेव्हां दगड-माती, पाला यांतून ते रंग तयार करीत, असें सांगतात.

६ मे १९२२ रोजीं शाहू महाराजांचें मुंबईस निधन झालें. त्यानंतर आबालाल यांनीं आपलीं असंख्य चित्रें आपल्याच हातांनीं नाहींशीं केलीं, अशी गोष्ट कोल्हापुरांत पिढ्यान् पिढ्या सांगितली जात आहे. कोणी म्हणतात जाळलीं, कोणी म्हणतात रंकाळ्याच्या पाण्यांत सोडलीं. पाहणारा गेला, आतां चित्रें कोणासाठीं, असा त्या गोष्टीचा भाव. नंतर ते नऊ वर्षें जगले. २८ डिसेंबर १९३१ रोजीं त्यांचा अंत झाला.

ही गोष्ट सांगतांना सांगणाराचा आवाज बहुधा भरून येतो. कलावंताची निष्ठा, राजाची गुणग्राहकता, विरक्ति, सर्व कांहीं तिच्यांत आहे. तरुण विद्यार्थ्याला तर ती फारच मोह घालते. परंतु तिच्याकडे जरा थंडपणें पाहिलें पाहिजे. एका मोठ्या चित्रकाराचें जन्माचें काम पाहणारा सबंध शहरांत एकच मनुष्य होता, आणि तो गेल्यावर दुसरा कोणी दारीं येऊन "हीं चित्रें आम्हांस द्या" असें म्हणाला नाहीं, असाच त्या गोष्टीचा अर्थ होतो. हें शहराला भूषण नव्हे. आणि चित्रकारालाही या एका बाबतींत गुरु करूं नये. चित्र पुरें झालें म्हणजे तें एकट्या चित्रकाराचें राहत नाहीं. ज्यांनीं तें अजून पाहिलेलें नाहीं त्यांचाही त्यांत वांटा असतो. शाळेंतलीं चित्रें शाळेच्या मालकीचीं होतीं म्हणून राहिलीं. ज्यांत आबालाल हे खरे आबालाल झाले तीं त्यांच्या स्वतःच्या मालकीचीं होतीं म्हणून गेलीं, हा विरोध मनाला लागल्याशिवाय राहत नाहीं.

त्याच गांवचा दुसरा विद्यार्थी, त्याच शाळेंत जाऊन, अगदीं निराळ्या वाटेनें गेला. महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म कोल्हापुरास १८ मार्च १८६७ रोजीं झाला. शिक्षण राजाराम हायस्कूलांत. ते जे. जे. मध्यें दाखल झाले तें १८९० सालीं, आणि पुढें एकेचाळीस वर्षें तेथून हललेच नाहींत. १८९५ सालीं बाँबे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांत त्यांना सुवर्णपदक मिळालें, त्यानंतर लौकरच ते त्याच शाळेंत शिक्षक झाले, आणि चढत चढत शाळेच्या प्रमुखाच्या खुर्चीपर्यंत पोंचले. कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षांच्या आठवणी त्यांनीं पुढें पुस्तकरूपानें लिहिल्या. ज्याला विद्यार्थिदशेकडे मागें वळून कसें पाहावें हें शिकावयाचें आहे त्यानें तें पुस्तक अवश्य वाचावें.

धुरंधरांपुढें पाहणाऱ्यांची वाण कधींच नव्हती. लग्नसमारंभ, बाजार, देवळांत निघालेल्या बायका, सणासुदीची गर्दी हे त्यांचे विषय. पुस्तकांतून, पोस्टकार्डांवरून, जाहिरातींतून त्यांचीं चित्रें घरोघर गेलीं. शिवराज्याभिषेकाच्या त्यांच्या भव्य चित्रानें तो प्रसंग महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढें उभा केला. त्यांना कोणा एका राजाच्या मर्जीवर विसंबावें लागलें नाहीं. पण सुखाचा मार्ग म्हणून या वाटेची अवहेलना करणें अन्यायाचें होईल. रोज वर्ग घेऊन, वेळेवर दुसऱ्यांचीं कामें देऊन, उरलेल्या वेळांत हात ताजा ठेवणें याला जो चिकाटीचा स्वभाव लागतो तो विरक्तीइतकाच दुर्मिळ आहे. एवढें मात्र खरें कीं, शाळेनें दिलेली वास्तवाची रीत त्यांनीं शेवटपर्यंत सोडली नाहीं. तिच्यांतच ते वाढत गेले. १९३१ सालीं ते शाळेंतून निवृत्त झाले. त्याच वर्षाच्या शेवटीं इकडे आबालाल गेले. धुरंधरांचा मृत्यु १९४४ सालचा.

बाबुराव पेंटर तर कोणत्याच कलाशाळेचे विद्यार्थी नव्हते. १८९० सालीं जन्मलेले बाबुराव मेस्त्री आणि त्यांचे चुलत बंधु आनंदराव हे कारागिराच्या घरांत हत्यारें हाताळीत वाढले आणि नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवून नांवारूपाला आले. आनंदराव १९१६ सालीं ऐन उमेदींत वारले; दोघांनीं मिळून घेतलेलें चलच्चित्राचें वेड बाबुरावांनीं एकट्यानें तडीस नेलें, कॅमेरा स्वतः घडविला, आणि १९२० सालीं 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यांच्या कंपनींत दामले, फत्तेलाल, शांताराम हीं माणसें तयार झालीं. रंगाऱ्याचें काम हें हलकें काम, असें ज्या विद्यार्थ्याला वाटतें त्यानें हें लक्षांत ठेवावें कीं, पडद्यावरचा राजवाडा दूर बसलेल्या प्रेक्षकाला खरा कसा वाटेल याचा विचार करतां करतांच चित्रपटाची दृष्टि त्या घरांत आली. माधवराव बागल यांची हकीगत आणखीच निराळी. तेही जे. जे. चे विद्यार्थी, पण प्रजापरिषदेच्या चळवळीनें त्यांना ओढून नेलें, कुंचला मागें पडला, तरी सुटला नाहीं. कोल्हापूरच्या कलावंतांविषयीं त्यांनीं लिहून ठेवलें म्हणून यांपैकीं पुष्कळ गोष्टी पुढच्यांस ठाऊक झाल्या.

आज कोल्हापुरांतच दत्तोबा दळवी यांच्या नांवाची कलासंस्था आहे, कलानिकेतन आहे. मुंबईस न जातां विद्यार्थी पदविका घेऊं शकतो. प्लॅस्टरच्या पुतळ्याशेजारीं आतां संगणकही आला. नोकऱ्यांचे प्रकार आबालाल यांच्या काळीं स्वप्नांतही नव्हते इतके आहेत: जाहिरात आहे, चित्रपट आहे, शाळेंतली शिक्षकी आहे. तरी कागद कोरा असतो तो तसाच कोरा असतो. विद्यार्थी वहींत पुढच्या संकल्पांची यादी करतो: इतकीं चित्रें, अमुक ठिकाणीं प्रदर्शन, तमुक पारितोषिक. यादी वाईट नाहीं. तिच्यांत बहुधा एकच गोष्ट लिहावयाची राहते. आपण कोणती वस्तु पुन्हां पुन्हां पाहणार आहोंत, वीस वर्षें पाहिली तरी जिचा कंटाळा येणार नाहीं, तिचें नांव तेथें नसतें. आबालाल यांच्या यादींत, तशी यादी असलीच तर, तें एकच नांव असावें.

आणि चित्र पाहणारा कोण, हा प्रश्न विद्यार्थ्यानें एकट्यानें सोडवावयाचा नाहीं. सुशिक्षित कुटुंबांत पुस्तकासाठीं, गाण्यासाठीं, नाटकासाठीं खर्च करतांना आतां कोणी मागें पाहत नाहीं. भिंतीवर मात्र पुष्कळदां दुकानदारानें फुकट दिलेली दिनदर्शिका असते. आपल्याच गांवच्या तरुणाचें एखादें लहानसें जलरंगांतलें चित्र विकत घेणें ही दानधर्मांतली गोष्ट नव्हे. सणावाराला येतो तितका खर्च त्याला पुरतो, आणि त्या तरुणाच्या हिशेबांत त्यामुळें एक पाहणारा वाढतो.

विद्यार्थी आबालाल पाहावयाचे असतील तर मुंबईस जाऊन जे. जे. च्या संग्रहाची चौकशी करावी लागेल. चित्रकार आबालाल पाहण्यासाठीं कोल्हापूर सोडावें लागत नाहीं. टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत त्यांचीं उरलेलीं कांहीं चित्रें आहेत. तेथून रंकाळा पायीं सुमारें अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. आधीं चित्र पाहून मग पाण्याकडे जावें, कीं पाणी पाहून मग चित्राकडे यावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. मात्र जावयाचें तें सूर्य मावळण्यापूर्वीं.